दुसरा प्रश्न कोण विचारणार?

नेता टीव्हीवर येतो. समोर मुलाखत घेणारा, मध्ये काचेचं टेबल, टेबलावर दोन कप. कपातला चहा कुणी पिताना दिसत नाही. नेता आईविषयी बोलतो, लहानपणच्या गरिबीविषयी बोलतो, एखादी चूक झाली असली तर तीसुद्धा हसून कबूल करून टाकतो. तासाभरानं दिवे विझतात. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या नाक्यावर आपलीच पोरं म्हणतात, 'गड्यानं काही लपवलं नाही. मानलं पाहिजे.'

ह्या एका वाक्यावर मला लिहायचंय.

काही लपवलं नाही हे तुला कळलं कसं, बाबा? लपवलेलं दिसत नाही, म्हणून तर त्याला लपवलेलं म्हणतात. तुला कळलं ते एवढंच, की त्यानं जे दाखवायचं ठरवलं ते नीट दाखवलं. दुकानदार काचेच्या कपाटात माल मांडतो तसं. कपाटातलं सगळं दिसतं म्हणून गोदामाची चावी आपल्या हातात आली असं होत नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक मोकळेपणा, दुसरा जाब. मोकळेपणा हा माणसाचा स्वभाव असतो, आणि ज्याला तो जमतो त्याच्यासाठी ते भांडवलही असतं. तो देणाऱ्याच्या मर्जीवर. आज दिला, उद्या नाही दिला. जाब मात्र मागणाऱ्याचा असतो. कुणीतरी उभं राहून तो मागावा लागतो, मग तो दिला जातो किंवा चुकवला जातो. हा फरक आपल्या माणसांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. गावचा पाटील काही मुका नव्हता. ओट्यावर बसून तो खाली बसलेल्या महाराशी तासन् तास मोकळं बोलायचा. पोरीच्या लग्नाचं, भाऊबंदकीच्या दाव्याचं, स्वतःच्या दुखण्याचं सांगायचा. पण 'ह्या साली बलुतं कमी का दिलं?' असं कुणी विचारलं की मोकळेपणा तिथंच खलास. मग दिसायची काठी.

तेव्हा सवाल असा आहे दोस्तहो: ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं लोकांपुढं मन मोकळं केलं, तर त्याचं लोकांना असलेलं देणं फिटतं का?

उदाहरण अमेरिकेचं घेतो. टीव्हीचा हा खेळ तिथं आधी पिकला, आणि ब्लॅक पँथरपासून आपण त्या देशाकडं बघत आलोय. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच माणसं रात्री घुसली आणि पकडली गेली. राष्ट्राध्यक्ष होता रिचर्ड निक्सन. ह्या घुसखोरीचा माग त्याच्या माणसांपर्यंत, मग त्याच्यापर्यंत येऊ लागला. आता निक्सन काही तोंड लपवून बसला नाही. टीव्हीवर येऊन भाषणं दिली, पत्रकारांपुढं उभा राहिला. नोव्हेंबर १९७३ मध्ये तर त्यानं कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितलं, की आपला अध्यक्ष लबाड आहे की नाही हे कळायचा लोकांना हक्क आहे, आणि मी लबाड नाही. घ्या. ह्याच्याहून मोकळं काय असतं?

मग खरं बाहेर आलं कुठून? १६ जुलै १९७३ ला सिनेटच्या चौकशी समितीपुढं अलेक्झांडर बटरफील्ड नावाच्या, निक्सनच्याच हाताखाली काम केलेल्या माणसाला शपथेवर सरळ प्रश्न विचारला गेला. त्यानं सांगितलं, होय, अध्यक्षांच्या कचेरीत बोलणं टेप करणारी यंत्रं आहेत. एवढंच. पुढचं सगळं भांडण त्या टेपांचं. निक्सन देईना. दिल्या त्यात २० जून १९७२ च्या एका टेपवर साडेअठरा मिनिटं नुसता घुं आवाज. शेवटी २४ जुलै १९७४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध शून्य मतांनी हुकूम दिला, टेपा हवाली करा. त्या आठांतले तिघे निक्सननंच नेमलेले होते. ९ ऑगस्टला तो पायउतार झाला. टीव्हीवरच्या दोन वर्षांच्या बोलण्यानं जे झालं नाही ते पंधरा-सोळा दिवसांत झालं.

पण गोष्ट इथं संपत नाही, माझ्या मुद्द्याची गोष्ट तर इथून सुरू होते. ८ सप्टेंबर १९७४ ला नवा अध्यक्ष फोर्ड ह्यानं निक्सनला पुरती माफी दिली. खटला नाही, कोर्ट नाही, शपथ नाही. आणि १९७७ साली निक्सन डेव्हिड फ्रॉस्ट ह्या इंग्रज मुलाखतकारासमोर बसला. ह्यासाठी त्यानं सहा लाख डॉलर घेतले, वर नफ्यात वाटा. वॉटरगेटवर किती वेळ बोलायचं ते आधी करारात ठरलं, एकूण वेळेच्या पाव हिस्सा. अठ्ठावीस तासांच्या वर चित्रण झालं आणि मे महिन्यात त्याचे दीड दीड तासाचे चार कार्यक्रम दाखवले. वॉटरगेटचा भाग साडेचार कोटी लोकांनी पाहिला असं सांगतात. निक्सन गहिवरला. मी लोकांची निराशा केली अशा अर्थाचं बोलला. आणि त्याच मुलाखतींत, देशातल्या चळवळ्या लोकांवर बेकायदा पाळत ठेवायच्या, घरं फोडायच्या योजनेबद्दल विचारल्यावर म्हणाला, की अध्यक्षानं एखादी गोष्ट केली की ती बेकायदा राहतच नाही. त्या काळात सरकारच्या नजरेत ब्लॅक पँथरची पोरंही होती, हे लक्षात ठेवून हे उत्तर ऐका.

फ्रॉस्टला कमी लेखायचं नाही. त्यानं निक्सनला घाम फोडला हे खरं. पण कशाच्या जोरावर? त्याच्या मदतनीसानं, जेम्स रेस्टन ह्यानं, कोर्टातल्या खटल्याच्या कागदांत टेपांचे असे उतारे शोधून काढले होते जे तोवर फारसे कुणी वापरले नव्हते. ते वाक्यावाक्यानं समोर आले तेव्हा निक्सन गडबडला. म्हणजे मुलाखतीत जे थोडं उघडं पडलं ते निक्सनच्या मोकळेपणानं पडलं नाही. कोर्टानं सक्तीनं काढलेल्या कागदानं पाडलं. कागद नसता तर साडेचार कोटी लोकांनी एका थकल्याभागल्या, भल्या म्हाताऱ्याला पाहिलं असतं आणि डोळे पुसले असते.

आणि ज्याचं घर फोडलं, ज्याचा फोन ऐकला, तो माणूस ह्या मुलाखतीत कुठं होता? तो आपल्या घरी टीव्हीसमोर होता. त्याला एकच काम, बघायचं. पटलं नाही तर बंद करायचं. १९९४ साली निक्सन वारला तेव्हा पाच आजी-माजी अध्यक्ष त्याच्या अंत्यविधीला हजर होते.

आपल्याकडं काय चाललं होतं त्याच वेळी? २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. दोनच दिवसांनी तिकडं निक्सनचं चित्रण सुरू झालं. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या. कुणाच्या झाल्या, हे ज्याला वस्ती माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. जनता सरकारनं न्यायमूर्ती शहांचा आयोग नेमला. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधी आयोगापुढं आल्या आणि शपथेवर साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला. त्यांची कायद्याची कारणं होती, वकील होते, ते असू द्या. पण त्याच वर्षी त्या ब्रिटिश टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि आणीबाणीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली. कॅमेरा चालतो, शपथ चालत नाही. लंडनचा मुलाखतकार चालतो. ज्या बाईच्या नवऱ्याला पोलिसांनी ट्रकमध्ये घालून नसबंदीच्या छावणीत नेलं, तिनं समोर उभं राहून विचारावं अशी जागा कुठंच नाही.

मला इंदिरा गांधींवर किंवा निक्सनवर राग काढायचा नाही. दोघंही गेले. मला दाखवायचंय ते हे, की सत्तावंताला कॅमेऱ्याची भीती वाटत नाही. उलट कॅमेरा त्याला आवडतो. त्याला भीती वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची. पहिल्या प्रश्नाला कुणीही उत्तर देतं, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरून तयार करून आणता येतं. 'तुम्ही असं म्हणता, पण हा कागद तर वेगळं सांगतो, आता बोला' असा जो दुसरा प्रश्न असतो, त्यात माणूस उघडा पडतो. आणि दुसरा प्रश्न विचारायला विचारणाऱ्याजवळ दोन गोष्टी लागतात. कागद, आणि विचारल्यावर आपलं काही वाकडं होणार नाही ही खात्री. टीव्हीचा पट्टीचा मुलाखतकार असला तरी पुढच्या खेपेला मुलाखत मिळायला हवी असते. तो पहिल्या प्रश्नावरच 'बरं' म्हणून पुढं सरकतो.

आजचं बोलायचं तर पंतप्रधान नरेंद्र मोदींनी २०१४ ते २०२४ ह्या दहा वर्षांत टीव्हीला मुलाखती पुष्कळ दिल्या. एप्रिल २०१९ मध्ये, ऐन निवडणुकीत, एका सिनेनटानं घेतलेली 'बिगरराजकीय' मुलाखत तर घरोघरी पाहिली गेली. आंबा कसा खाता, इथपर्यंत विचारून झालं. पण ह्याच दहा वर्षांत कुठलाही पत्रकार उठून काहीही विचारील अशी खुली पत्रकार परिषद त्यांनी देशात स्वतः घेतली नाही. १७ मे २०१९ ला पक्षाच्या कचेरीत पत्रकारांसमोर बसले, तेव्हा प्रश्नांची उत्तरं शेजारी बसलेल्या पक्षाध्यक्षांनी दिली. पंतप्रधान मोकळे नाहीत असं मी म्हणणार नाही. आईबद्दल, चहाबद्दल, हिमालयाबद्दल ते मोकळेच बोलतात. पाटीलही बोलायचा.

इथं कुणी म्हणेल, मग बाबासाहेबांचं काय? त्यांनीही मुलाखती दिल्याच की. १९५३ साली बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर बसलेले बाबासाहेब आज प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत, मागं कुणीतरी डीजेचं म्युझिक चिकटवलेलं. म्हणून त्या मुलाखतीकडं जरा नीट बघू.

तेव्हा बाबासाहेबांजवळ काय होतं? १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडलेलं. राजीनाम्याचं निवेदन १० ऑक्टोबरला लोकसभेत, म्हणजे तेव्हाच्या हंगामी संसदेत वाचायचं होतं, तर उपसभापतींनी आधी प्रत मागितली. बाबासाहेबांनी आधी तपासणी करून घ्यायला नकार दिला, बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडं दिलं. १९५२ ला उत्तर मुंबईत निवडणूक हरले. राज्यसभेत होते. घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून जगात नाव होतं. अशा माणसाला परदेशी मुलाखतकार विचारतो, भारतात लोकशाही चालेल का? त्या जागी दुसरा कुणीही असता तरी स्वतःच्या हातच्या कामाचं कौतुक केलं असतं. बाबासाहेबांनी सांगितलं, नाही चालणार. नावापुरती चालेल. इथली समाजरचनाच तिच्या आड येते. लोकांनी बैलजोडी बघून मतं टाकली, बैलजोडीमागचा माणूस कोण आहे हे बघितलं नाही.

हा मोकळेपणा आहेच. पण नुसता मोकळेपणा असता तर मी त्याला एवढा मान दिला नसता. बघा, हेच ते २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलले होते: राजकारणात समता आणि समाजात विषमता असं आपण दुभंगून जगणार, आणि हा दुभंग मिटवला नाही तर ज्यांना विषमता सोसावी लागते ते हा डोलारा उडवून देतील. जे दिल्लीच्या सभागृहात ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्या तोंडावर सांगितलं, तेच बीबीसीला सांगितलं. कॅमेऱ्यासाठी वेगळा माल ठेवला नव्हता.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर ते उदाहरण त्याहून मोठं आहे. २ सप्टेंबर १९५३ ला, आंध्र राज्याच्या विधेयकावर राज्यसभेत बोलताना ते संतापून म्हणाले, की ही घटना जाळायला मीच पहिला पुढं होईन. पुढं १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात डॉ. अनूपसिंग ह्यांनी ते वाक्य पुन्हा काढलं. दीड वर्ष उलटून गेलेलं. बाबासाहेबांनी असं म्हटलं नाही की माझ्या वाक्याचा विपर्यास झाला, की वाक्य संदर्भ सोडून घेतलं. त्यांनी सांगितलं, देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसण्याआधीच सैतानानं ते बळकावलं, मग दुसरं काय करणार? तुम्हाला हे उत्तर पटो न पटो. मी म्हणतो, प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही कामकाजाच्या कागदावर आहेत, आणि विचारणारा त्यांनी निवडलेला नव्हता.

तिसरी गोष्ट १९५५ ची. बीबीसी रेडिओनं गांधींविषयी त्यांना बोलतं केलं. ती मुलाखतही फिरते, पण बहुतेक जण त्यातला तिखट भागच ऐकतात. मला त्यात जे मोलाचं वाटतं ते वेगळं आहे. बाबासाहेबांचा आरोप असा, की गांधी इंग्रजी पत्रात जातीविरुद्ध, अस्पृश्यतेविरुद्ध लिहितात आणि गुजराती पत्रात जुन्या वळणाचे सनातनी होतात; कुणीतरी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आरोप बरोबर की चूक ह्यावर अभ्यासकांचं भांडण चालू द्या. पण नेत्याच्या उघडेपणाची कसोटी म्हणून ह्याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही. दिल्लीच्या स्टुडिओत इंग्रजीत काय बोलला, आणि सभेत आपल्या लोकांपुढं आपल्या भाषेत काय बोलला? ते शेजारी शेजारी ठेवा. एवढं काम आपल्या कुठल्याही शाखेला वही-पेन्सिलीत करता येतं.

स्वतः बाबासाहेब ह्या कसोटीला उतरतात का? १९३५ ला येवल्याला त्यांनी धर्मांतर जाहीर केलं. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषदेत, आपल्याच माणसांसमोर मराठीत, ते का करायचं ह्याचा सगळा हिशेब मांडला. गिरणीतला माणूस, गोदीतला माणूस, झाडूवाला, त्यांना कळेल असा. माझा हुकूम आहे म्हणून या, असं म्हटलं नाही. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा तेच. नागपूरच का निवडलं, संघवाले इथं आहेत म्हणून का, अशी कुजबुज होती. त्यांनी ती कुजबुज स्वतःच व्यासपीठावर आणली आणि उत्तर दिलं. लाखो लोकांनी धर्म बदललाय, आता काय सांगायची गरज, असा विचार त्यांनी केला नाही.

आणि आपण काय करतो? त्या १९५३ च्या मुलाखतीतून 'लोकशाही चालणार नाही' एवढा तुकडा कापतो, म्युझिक लावतो आणि सोडून देतो. समाजरचनेचं कारण कापलं जातं. बैलजोडीचं वाक्य तर हमखास जातं, कारण आज आपणही चिन्हच बघून मत टाकतो. कापणारे हात स्टुडिओतलेच असतात असं काही नाही.

आता एक अडचण. ती टाळून पुढं जाणं बरं नाही. आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, आपल्या नेत्यानं त्यांच्या स्टुडिओत जावंच कशाला? बोलणं त्यांचं, घड्याळ त्यांचं, कात्री त्यांची. १९९६ साली बी. एन. उनियाल ह्या पत्रकारानं दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायचा प्रयत्न केला, एका परदेशी बातमीदाराला हवा होता म्हणून. सापडला नाही, आणि उनियालनं ते 'पायोनियर'मध्ये लिहिलं. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं पाहणी केली. वर्तमानपत्रं, वाहिन्या, मासिकं मिळून १२१ वरच्या जागा तपासल्या, त्यांतल्या १०६ सवर्णांकडं. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. अशा ठिकाणी आपल्या माणसाला बोलावतात ते बहुतेक वेळा आरक्षणावर भांडायला किंवा कुठं अत्याचार झाला तर रडायला. एका मोठ्या वाहिनीवर मलाही एकदा बोलावलं होतं. जाण्याआधी फोनवर बाईंनी विचारलं, 'तुम्ही जरा चिडून बोलाल ना?' मी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचे आकडे घेऊन गेलो होतो. आकडे घडीच राहिले.

तेव्हा स्टुडिओला नकार द्यायचा नेत्याला हक्क आहे, हे मी मानतो. चोराच्या अंगणात जाऊन आपल्या खिशाची झडती देण्यात कसलीही नीती नाही. पण हाच नकार पुढं वस्तीत येतो, तिथं माझं भांडण सुरू होतं. 'मीडिया मनुवादी आहे' हे खरं वाक्य आपल्यातल्या बऱ्याच साहेबांनी स्वतःच्या लोकांना उत्तर न द्यायची ढाल केलंय. मीडियाला उत्तर नाही, कारण तो त्यांचा. कार्यकर्त्याला उत्तर नाही, कारण त्याचा प्रश्न मीडियापर्यंत जाईल. मग उत्तर कुणाला? युती का केली, का मोडली, निवडणुकीचा पैसा कुठून आला, कुठं गेला, तिकीट कुणाला कशावर दिलं? सभेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवतात. चिठ्ठ्या गोळा करणारा व्यासपीठाच्या पायरीवर उभा राहून आधी वाचतो. सोप्या चिठ्ठ्या वर जातात, अवघड चिठ्ठ्या त्याच्या खिशात. असं मी दोन जिल्ह्यांत आणि तीन गटांच्या सभांत पाहिलंय, त्यामुळं कुठल्याही एका गटानं हे अंगावर ओढून घेऊ नये. आणि जो पोरगा चिठ्ठी सोडून उभा राहून तोंडानं विचारतो, त्याला 'फुटीर' म्हणतात. बाबासाहेबांनी त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात सांगून ठेवलंय, की धर्मात भक्तीनं आत्म्याचा उद्धार होत असेल, राजकारणात भक्ती हा अधोगतीचा आणि हुकूमशाहीचा रस्ता आहे. ते भाषण आपण प्रत्येक संविधान दिनाला वाचतो.

पण बुद्धाकडं ह्याचं उत्तर तयार होतं, अडीच हजार वर्षांपूर्वी. आपल्या विहारांत वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं. वाचन संपतं, खिरीचं जेवण होतं, फोटो निघतात. मूळ संघात त्या शेवटच्या दिवशी काय व्हायचं, ते मात्र आपण करत नाही. त्याचं नाव पवारणा. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू जमायचे आणि प्रत्येक जण इतरांना विनंती करायचा, की माझ्या वागण्यात तुम्ही काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा नुसता संशय आला असेल, तरी मला सांगा. संशयसुद्धा! आजचा पुढारी म्हणतो, पुरावा द्या नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावतो. संघात नुसता संशय बोलून दाखवायला जागा होती.

आणि सुरुवात कोण करायचं? सगळ्यांत ज्येष्ठ असेल तो. तो उपरणं एका खांद्यावर घेऊन, हात जोडून, उकिडवा बसायचा. विनयात असंही आहे, की काही भिक्खू ज्येष्ठ उकिडवे बसलेले असताना आपल्या आसनांवर बसून राहिले, तेव्हा बुद्धानं ते चालू दिलं नाही. उकिडवं बसणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. आपले आजे पाटलाच्या ओट्याखाली तसेच बसायचे, मालकाला जाब देत. संघात म्हातारा, मोठा, मान असलेला माणूस कालच्या पोरापुढं तसा बसायचा. खाली बसणारा बदलला, एवढीच क्रांती आहे ती, पण केवढी आहे बघा.

स्वतः बुद्धानंही हे केलं. श्रावस्तीला पूर्वारामात पाचशे भिक्खूंसमोर त्यानं विचारलं, माझ्या वागण्यात, माझ्या बोलण्यात तुम्हाला ठपका ठेवावा असं काही दिसतं का? सारिपुत्त उठला, म्हणाला, नाही दिसत. आणि मग सारिपुत्तानं लगेच स्वतःबद्दल तोच प्रश्न पुढं केला. आपले टीकाकार म्हणतील, बघा, उत्तर तर स्तुतीचंच आलं. आलं. पण विचारलं होतं सगळ्यांसमोर, दरवर्षी विचारायची रीत होती, आणि ही रीत कुणाच्या मर्जीवर नव्हती, ती विनयाची होती. हातची मूठ झाकून ठेवणारा आचार्य मी नाही, असं बुद्ध शेवटच्या काळात आनंदाला सांगतो. मूठ उघडी ठेवली, आणि वर लोकांना सांगितलं, पाहा, तपासा.

घटनेच्या भाषेत ह्याचा जवळचा भाऊ म्हणजे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा. तोही वरून आलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. गावात मांडव घालायचा आणि रोजगाराच्या कामाची हजेरी, बिलं मोठ्यानं वाचायची. मेलेल्या माणसाचं नाव हजेरीत निघायचं आणि त्याची बायको समोर बसलेली असायची. ह्या कायद्यात तीस दिवसांत माहिती द्यायची, नाही दिली तर पहिलं अपील, मग दुसरं अपील. दुसरा प्रश्न कायद्यातच लिहून ठेवलाय म्हणा. अर्ज टाकणाऱ्याला धमक्या येतात हे खरं. मुलाखत बघणाऱ्याला कुणी धमकी देत नाही.

आमच्या शाखेत ह्या वर्षी अश्विन पौर्णिमेला, वाचन संपल्यावर, खिरीच्या आधी पवारणा करायची असं ठरवतोय. तालुका अध्यक्षांनी आधी बसायचं, मग खजिनदारानं वर्षाची पावतीपुस्तकं घेऊन, मग बाकीच्यांनी. महिला मंडळाच्या बायकांनी पहिले प्रश्न विचारायचे, कारण वर्गणी त्याच गोळा करतात आणि हिशेब त्यांना कधीच दाखवला जात नाही. चिठ्ठ्या नाहीत, तोंडानं. एका प्रश्नावर तोच माणूस पुन्हा विचारू शकेल. मोबाइलवर चित्रण करायचं की नाही ह्यावर दोन मतं आहेत. पोरं म्हणतात करा, म्हातारे म्हणतात, कॅमेरा दिसला की अध्यक्ष भाषण सुरू करतील. अध्यक्ष यायला तयार आहेत. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी खुर्ची मागितली आहे, आणि ती द्यायची का नाही ते पुढच्या रविवारच्या बैठकीत ठरेल.